हप्ता चुकला म्हणून खाते बंद करू नका



नवीन वर्ष लागले. जुने कॅलेंडर खिळ्यावरून उतरले आणि त्याच खिळ्यावर नवे लागले. १ जानेवारी हा इंग्रजांचा सण आहे असे म्हणून काही जण तो बाजूला सारतात. आपल्याला तसे करता येत नाही. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीच्या काठी कोरेगावच्या लढाईत आपल्या पूर्वजांनी पराक्रम गाजविला आणि १ जानेवारी १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथील विजयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी गेले. त्यामुळे हा दिवस आपल्यासाठी नुसता तारीख बदलण्याचा दिवस नाही. ज्यांना जमते ते कोरेगावला जातात. ज्यांना जमत नाही ते आपल्या वस्तीतल्या विहारात मेणबत्ती लावून वंदना घेतात. आणि त्याच दिवशी, कुणी चारचौघांत तर कुणी मनातल्या मनात, एखादा संकल्प करतो.

हे संकल्प साधारण कोणते असतात ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे. उद्यापासून खर्रा बंद. दारूला शिवणार नाही. पोरीच्या शिक्षणासाठी दरमहा काही रक्कम बाजूला टाकणार. अर्धवट राहिलेली दहावी यंदा देणार. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ रोज वाचणार. डॉक्टरांनी साखर सांगितली आहे, तेव्हा रोज पहाटे चालायला जाणार. यातला एकही संकल्प फुसका नाही. एकेका संकल्पामागे एकेका घराचे सुख-दुःख उभे असते.

पण २६ जानेवारीला झेंडावंदन आटोपून आपण चार माणसे जमतो, तेव्हा सहज विचारून पाहा, "काय हो, १ तारखेचे काय झाले?" बहुतेक जण हसतात आणि विषय बदलतात. पंचवीस दिवसांत असे काय होते, याचा विचार आजच्या लेखात करावयाचा आहे.

एक दिवस चुकतो तेव्हा

आमच्या कळमेश्वरच्या एम.आय.डी.सी.त पाळीवर काम करणाऱ्या एका भावाने मागे खर्रा सोडला होता. चौदा दिवस त्याने तोंडात सुपारीचा तुकडासुद्धा घातला नाही. नंतर भेटला तेव्हा गाल पुन्हा फुगलेला. विचारले तर म्हणाला, "भाऊ, चौदा दिवस नाही खाल्ला. संक्रांतीले मित्रायनं आग्रह केला, एक खाल्ला. मंग म्हटलं, आता मोडलाच तं कायले तरास घ्याचा?"

त्याचे म्हणणे नीट ऐका. एका खऱ्र्याने त्याचे चौदा दिवस वाया गेले नव्हते. ते चौदा दिवस त्याने कमावलेले होते. वाया घालविले ते पुढच्या विचाराने, की आता मोडलाच आहे तर राहू दे. संकल्प एका दिवसात मोडतो असे आपण समजतो. वास्तविक एका दिवसात तो फक्त चुकतो. मोडतो तो दुसऱ्या दिवशी, आपण तो पुन्हा उचलत नाही म्हणून.

मी कारकून माणूस, बी.कॉम. झालेला. मला पोस्टाचे उदाहरण सुचते. आपल्यापैकी पुष्कळांचे पोस्टात आवर्ती ठेवीचे खाते आहे. दरमहा किमान १०० रुपये, मुदत ५ वर्षे, म्हणजे ६० हप्ते. गरिबाच्या घरी ६० महिने सारखे जात नाहीत हे पोस्टाला ठाऊक आहे. म्हणून नियमच असा केला आहे की एखादा हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे एक रुपया दंड भरा आणि पुढे चालू ठेवा. एक हप्ता चुकला म्हणून पोस्टमास्तर तुमचे पासबुक फाडत नाही. मात्र लागोपाठ चार हप्ते थकले तर खाते खंडित होते, आणि त्यानंतरही दोन महिन्यांच्या आत थकबाकी भरून ते पुन्हा चालू करता येते.

सरकारी खाते जेवढी सवलत आपल्याला देते, तेवढी सवलत आपण स्वतःला का देऊ नये? आणि जेवढी शिस्त ते लावते, तेवढी शिस्त आपण स्वतःला का लावू नये? चुकले तर थोडा दंड भरावा आणि पुढे चालावे. पण चार वेळा लागोपाठ चुकू देऊ नये.

धम्म काय सांगतो

आपल्या आजी-आजोबांच्या काळात नवस बोलण्याची रीत होती. नवस म्हणजे देवाशी केलेला करार. तो चुकला की कोप होईल, लेकराला ताप येईल, म्हैस आटेल, ही धास्ती. त्यामुळे माणूस एक तर भीतीने तो पाळी, नाही तर मोडल्यावर हबकून जाई. बाबासाहेबांनी आपल्याला त्या भीतीतून बाहेर काढले.

आपण पंचशील घेतो. त्यातल्या प्रत्येक शीलात 'सिक्खापद' हा शब्द येतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम. कुणी वरून दिलेली आज्ञा नव्हे, मी स्वतः होऊन स्वीकारलेला अभ्यास. शिकणारा माणूस चुकणारच. पाटीवर पहिला 'अ' वाकडा निघाला म्हणून कोणी पाटी फोडत नाही, पुसून पुन्हा काढतो. म्हणूनच आपण पंचशील जन्मात एकदाच घेत नाही. पौर्णिमेला घेतो, लग्नात घेतो, नामकरणात घेतो, अगदी मयतीच्या प्रसंगीही घेतो. दर वेळी तेच शब्द, तीच पाच शीले. मागच्या पौर्णिमेला घेतले होते, आता पुन्हा कशाला, असे कोणी विचारत नाही. पुन्हा पुन्हा घेणे हीच त्यातली सोय आहे आणि हीच त्यातली ताकद आहे.

बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात ज्या दहा पारमिता सांगितल्या आहेत, त्यांत वीर्य आहे आणि अधिष्ठानही आहे. अधिष्ठान म्हणजे ध्येय गाठण्याचा पक्का निश्चय. वीर्य म्हणजे त्यासाठीचा सततचा योग्य प्रयत्न. १ जानेवारीला आपल्याजवळ अधिष्ठान भरपूर असते. उणीव पडते ती २ जानेवारीपासून, वीर्याची.

बाबासाहेबांचाही हप्ता चुकला होता

कोणी म्हणेल, बाबासाहेब महापुरुष होते, त्यांचे संकल्प कधी अडले नसतील. तसे नाही.

१९१६ साली बाबासाहेब अमेरिकेहून लंडनला गेले. अर्थशास्त्राची उच्च पदवी आणि बॅरिस्टरी हे दोन्ही संकल्प त्यांनी मनाशी धरले होते. अभ्यास सुरू झाला न झाला तोच बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली सारे अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठविलेली त्यांची पुस्तके, महायुद्धात ती बोट बुडाल्यामुळे समुद्रात गेली. बडोद्यास नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना. ज्या पारशी वसतिगृहात आसरा घेतला तेथून अपमानित होऊन बाहेर पडावे लागले. पैसा नाही, पुस्तके नाहीत, डोक्यावर छप्पर नाही. संकल्प सोडून द्यायला याहून मोठे कारण कोणते हवे?

परंतु त्यांनी निघतानाच एक गोष्ट करून ठेवली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. म्हणजे खाते बंद केले नव्हते, चालू ठेवले होते. १९१८ साली मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पगारातून काटकसरीने पैसा साठविला. माता रमाईने घरची ओढाताण सोसली. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, आणि १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. झाले, १९२२ साली बॅरिस्टर झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला, तेव्हा तोही पुन्हा लिहून दिला आणि १९२३ साली ती पदवी मिळविली. १९१६ साली धरलेला संकल्प १९२३ साली तडीस गेला. मध्ये तीन वर्षांची खोट होती. आज पदव्यांची यादी वाचताना ती खोट आपल्याला दिसतही नाही.

दुसरा संकल्प तर आपल्या सर्वांच्या आयुष्याचा आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवला येथे त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या नागपुरात ती पुरी केली. हिशेब करून पाहा, एकवीस वर्षे आणि एक दिवस. या मधल्या काळात काय नव्हते? निवडणुका, मंत्रिपद, संविधानाचे काम, रमाईचे निधन तर घोषणेच्या आधी मे महिन्यातच झालेले, आणि पुढे स्वतःची ढासळती प्रकृती. पण त्या संकल्पाचे काम सुरूच होते. अभ्यास चालू होता. १९५० साली ते श्रीलंकेला बौद्ध परिषदेला गेले, १९५४ साली ब्रह्मदेशाला गेले, १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. १९५१ पासून धम्मग्रंथाचे लेखन चालले होते. मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने जर्जर असताना ते लिहीत आणि नानकचंद रत्तू आपली सरकारी नोकरी सांभाळून रात्री टंकलेखन करीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.

फेटरीजवळच्या चिचोली येथील शांतिवन आपल्या कळमेश्वरहून काही दूर नाही. वामनराव गोडबोले यांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेल्या त्या ठिकाणी बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जपून ठेवल्या आहेत, त्यांत टंकलेखन यंत्रही आहे. मुलांना घेऊन एखाद्या रविवारी अवश्य जा. त्या यंत्रावर एका वेळी एकच अक्षर उमटत असे, एवढे मुलांना सांगितले तरी पुरे.

हप्ता झेपेल एवढाच बांधा

गरिबाचा संकल्प केवळ आळसाने मोडतो असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्याला आज दिवसपाळी आणि आठवड्याने रातपाळी आहे, ज्याचा ठेकेदार पगार कधी ७ तारखेला तर कधी २० तारखेला देतो, ज्याच्या घरी एक आजारपण आले की सारा हिशेब कोलमडतो, त्याचे नियम मोडणारच. म्हणून त्याने संकल्प करू नये असे नाही. त्याने आपल्या परिस्थितीला झेपेल एवढा हप्ता बांधावा.

तथागतांच्या काळची सोण भिक्खूची गोष्ट आपण विहारात ऐकली आहे. श्रीमंत घरचा, कोवळ्या पायांचा हा तरुण. संघात आला आणि चंक्रमण करता करता पाय रक्ताळेपर्यंत त्याने साधना केली. फळ दिसेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. भगवंतांनी त्याला त्याच्याच ओळखीची गोष्ट विचारली. वीणेच्या तारा फार ताणल्या तर नीट सूर निघतो का? फार सैल सोडल्या तर निघतो का? सोणाला उत्तर ठाऊक होते, तो वीणा वाजवीत असे. त्याने प्रयत्नाची तार बेताची लावली आणि पुढे तो अर्हत झाला.

आपण १ जानेवारीला तार फार ताणतो. रोज पहाटे चारला उठणार, दोन तास वाचणार, खर्रा, चहा, टी.व्ही. सारे एकदम बंद. आठ दिवसांत तार तुटते. त्यापेक्षा एकच संकल्प घ्या आणि तो मोजता येईल असा घ्या. "खूप वाचणार" असे म्हणू नका. "रात्री जेवण झाल्यावर दोन पाने वाचणार" असे म्हणा. दोन पाने म्हणजे वर्षाला ७३० पाने होतात. "बचत करणार" असे म्हणू नका. "पगार हाती आला की आधी पोस्टात २०० रुपये, मग किराणा" असे म्हणा. केव्हा, कुठे आणि किती, हे तिन्ही ठरलेले असले म्हणजे रोज नव्याने मनाशी भांडावे लागत नाही.

खर्र्याचा हिशेबही एकदा कागदावर मांडून पाहा. समजा, एक खर्रा २५ रुपयांचा आणि दिवसाला दोन. रोजचे ५० रुपये, महिन्याचे १,५००, वर्षाचे १८,२५०. तेच महिन्याचे १,५०० रुपये पोस्टात पाच वर्षे भरले तर मुद्दलच ९०,००० रुपये होते, व्याज वेगळे. एका मुलीच्या कॉलेजचा मोठा भार त्यात उचलला जाईल. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण बंदीने पानठेले रिकामे झाले नाहीत, हे आपण रोज पाहतो. तोंडाच्या कर्करोगाने गेलेली माणसे आपल्या वस्त्यांतून कमी नाहीत. ज्यांना एकट्याने सोडणे जड जाते त्यांच्यासाठी २०१६ पासून केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक १८००-११-२३५६.

दारूच्या बाबतीत एक सावधगिरीची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. बावीस प्रतिज्ञांमधली सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे आणि ती पाळलीच पाहिजे. परंतु जो माणूस वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने एकाएकी घरीच बंद केल्यास हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असा जीवावरचा प्रसंग येऊ शकतो. त्याला सरकारी दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावे. यात लाज नाही. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करीत आहे. अमेरिकेत १९३५ साली, म्हणजे येवल्याच्या घोषणेच्याच वर्षी, दारू सोडू पाहणाऱ्या माणसांनी एकमेकांना आधार देणारी 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ सुरू केली. आज तिच्या सभा आपल्याकडेही भरतात. त्यांचा मार्ग साधा आहे. जन्मभराचे ओझे डोक्यावर घ्यायचे नाही, फक्त आजचा दिवस प्यायचे नाही. उद्या उठून पुन्हा तेच.

सवय किती दिवसांनी लागते

एकवीस दिवस केले की सवय लागते, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. माणूस एकविसाव्या दिवसाची वाट पाहतो आणि बाविसाव्या दिवशीही जड जाते तेव्हा आपल्यातच खोट आहे असे समजतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या नोंदी घेऊन याचा अभ्यास केला. तो २००९ साली पुढे आला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असे दिसले. आणि आपल्या कामाची गोष्ट अशी की, मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

म्हणजे जो हिशेब पोस्टाच्या खिडकीवर लागू आहे, तोच माणसाच्या मनालाही लागू आहे. १ जानेवारीपासून ६६ दिवस मोजले तर मार्चचा पहिला आठवडा उजाडतो. २६ जानेवारीला निराश होणारे आपण अर्ध्या वाटेवरही पोहोचलेलो नसतो.

तथागतांनी सुताराच्या हत्याराचे उदाहरण दिले आहे. वाकस म्हणा की बसुला म्हणा, त्याच्या लाकडी दांड्यावर रोजच्या वापराने बोटांचे ठसे पडतात. आज किती झिजला आणि काल किती झिजला हे सुताराला सांगता येत नाही. पण झिजला एवढे दिसते. माणसाचे दुर्गुणही असेच रोजच्या वापराने झिजतात. आपल्या भागातल्या संत्र्याच्या बागाईतदाराला हे वेगळे सांगायला नको. कलम लावल्यावर चार-पाच वर्षे तो नुसते पाणी देतो, आळे करतो, डिंक्या रोगाकडे लक्ष ठेवतो. पहिल्या वर्षी फळ धरले नाही म्हणून कुणी झाड उपटत नाही.

घरातल्या माणसांचे काम

संकल्प एकाचा असला तरी त्याचे राखणदार घरातले सारे असतात. येथे दोन गोष्टी स्पष्टपणे लिहितो.

पहिली गोष्ट टोमण्याची. नवऱ्याने दहा दिवस दारू सोडली आणि अकराव्या दिवशी पिऊन आला की घरात म्हटले जाते, "माहीतच होते, तुमच्याच्याने काय होते!" हा संताप खरा आहे आणि त्याला कारणेही खरी आहेत. बाईने सोसत राहावे असे मी मुळीच म्हणणार नाही, आणि मारहाण असेल तर तिने गप्प बसू नये. पण जेथे माणूस खरोखर धडपडतो आहे, तेथे दुसऱ्या दिवशी सकाळी एवढेच विचारावे, "आजपासून पुन्हा ना?" या प्रश्नात दंडही आहे आणि खाते चालू ठेवण्याची सोयही आहे. वर्षावास संपताना आश्विन पौर्णिमेला भिक्खू पवारणा करतात. माझ्यात काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल, शंका आली असेल तर सांगा, अशी प्रत्येक जण संघाला विनंती करतो. दोष सांगण्याची ही रीत आपल्या घरात आणता येईल. महिन्यातून एकदा, पौर्णिमेची वंदना झाल्यावर, मुलांसह सगळ्यांनी बसावे आणि ज्याने त्याने आपल्या संकल्पाचे खरे खरे सांगावे. बाप मुलांसमोर "माझे चार दिवस चुकले" असे म्हणतो, तेव्हा मुलगा सत्य बोलायला शिकतो. चुकल्यावर पुन्हा उभे कसे राहायचे हेही शिकतो.

दुसरी गोष्ट आया-बहिणींच्या संकल्पाची. घरात अडचण आली की सर्वांत आधी कोणाचा संकल्प बाजूला सारला जातो? घरच्या बाईचा. शाळा सुटलेल्या कितीतरी भगिनींना आपली दहावी पुरी करावयाची असते. नियमित शाळेत न जाता १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या परीक्षेला बसता येते, हे त्यांना माहीतही असते. आमच्या भागातल्या एका ताईंनी असे ठरविले तेव्हा सासूबाई प्रथम म्हणाल्या, "आता पोराचं शिक्षण पाहशील का तुहं?" ताईंनी वाद घातला नाही. "आई, रोज संध्याकाळी एक तास द्या, बाकीचं मी पाहते," असे म्हणाल्या. त्या एका तासात पोळ्यांची जबाबदारी नवऱ्याने घेतली. सुरुवातीला पोळ्या वाकड्या-तिकड्या झाल्या, घरात हसणे झाले, पण तो तास मोडला नाही. संकल्प करायला मनोबल लागते, पण तो पाळायला मोकळा वेळ लागतो, आणि आपल्या घरांत तो बाईला दुसऱ्या कोणीतरी काढून द्यावा लागतो. रमाईने बाबासाहेबांसाठी काय सोसले हे आपण जयंतीच्या भाषणात मोठ्या आवाजात सांगतो. आज आपल्या घरातल्या रमाईसाठी एक तास आपण देतो का, हेही विचारले पाहिजे.

आपलेच दिवस, आपलीच तपासणी

हिशेब तपासायला तारखा लागतात. कंपनीला तिमाही असते, तशा आपल्याही तारखा आहेत, आणि त्या कॅलेंडरवर आधीच छापलेल्या आहेत. ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती, २६ जानेवारीला प्रजासत्ताक दिन, ७ फेब्रुवारीला रमाईची जयंती, २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह दिन, १४ एप्रिलला भीमजयंती. मग बुद्ध पौर्णिमा. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिन्यांचा वर्षावास, ज्यात आपल्या विहारांतून ग्रंथवाचन चालते. नंतर धम्मचक्र प्रवर्तन दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन आणि ६ डिसेंबर.

या प्रत्येक दिवशी आपण हार घेऊन जातो. यंदा हाराबरोबर एक छोटी वही न्या. वही शंभर पानी असली तरी चालेल. पहिल्या पानावर संकल्प एका ओळीत लिहा, खाली तारीख आणि सही, आणि साक्षीदार म्हणून घरातल्या एका माणसाची सही. त्यानंतर रोज एक खूण. केले तर बरोबरची खूण, चुकले तर शून्य. शून्य खोडू नका, लपवू नका. आमच्या कारकुनी कामात खाडाखोड केलेल्या वहीपेक्षा तूट दाखविणारी खरी वही केव्हाही चांगली मानतात. प्रत्येक शून्याला स्वतःच ठरविलेला दंड द्या. विहाराच्या दानपेटीत पाच रुपये टाका, किंवा दुसऱ्या दिवशी दोन पाने जास्त वाचा. मात्र लागोपाठ चार शून्ये दिसली की एकट्याने झगडू नका. साक्षीदाराला सांगा, विहारातल्या जाणत्या माणसाला सांगा, गरज असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि हप्ता फार मोठा बांधला असेल तर तो कमी करा.

आणि ज्यांना हा अंक उशिरा हाती पडेल, ज्यांचा १ तारखेचा संकल्प एव्हाना चुकलेला असेल, त्यांनी पुढच्या १ जानेवारीची वाट पाहू नये. पौर्णिमा दर महिन्याला येते. त्या दिवशी विहारात जाऊन आपण त्रिसरण-पंचशील पुन्हा घेणारच आहोत, त्याच वेळी आपला संकल्पही पुन्हा घ्यावा. तोवर वहीत आजची तारीख घालून आजची खूण करावी.

सर्वांना नवीन वर्षाच्या मंगल कामना.

जयभीम! नमो बुद्धाय!